कार्यालयातील जुनी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी पुन्हा कशी सुरू करावी?

पतसंस्था, दूध संकलन केंद्र, कृषी सेवा केंद्र किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांच्या कार्यालयात शोभेच्या माशांची टाकी हौसेने आणली जाते. गोड्या पाण्यातील माशांपेक्षा समुद्रातील मासे अधिक रंगीत, म्हणून काही ठिकाणी खाऱ्या पाण्याची लहान टाकी घेतली जाते. पुढे मासे मरतात, पाणी आटते, काचेवर पांढरे थर बसतात आणि टाकी अडगळीत जाते. अशी टाकी फेकून देण्याची गरज नसते. मात्र ती धुऊन, मिठाचे पाणी भरून, त्याच दिवशी मासे सोडल्यास पहिल्याच आठवड्यात मासे मरण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात जुनी टाकी तपासणे, पाणी तयार करणे, मासे सोडणे आणि नंतरची निगा यांची माहिती क्रमाने दिली आहे.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उभे राहिले, तेव्हा समुद्र त्याच्या दारात होता. बीड जिल्ह्याला ती सोय नाही. येथे समुद्राचे पाणी कार्यालयातच तयार करावे लागते आणि वापरून झालेल्या खाऱ्या पाण्याची विल्हेवाटही येथेच लावावी लागते. म्हणून या कामात एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. क्षारपड जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर का येतो, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. टाकीतही तेच घडते.

आधी निर्णय घ्यावा

खालील चार प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील तरच खाऱ्या पाण्याची टाकी सुरू करावी.

१) टाकीची जबाबदारी घेणारी एक निश्चित व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीत दुसरी व्यक्ती आहे काय?
२) आरओ यंत्राचे किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी दर आठवड्याला मिळेल काय? उन्हाळ्यात कार्यालयाला टँकरचे पाणी घ्यावे लागत असेल, तर याचा विचार आधी करावा.
३) वीज गेल्यावर हवेचा पंप बॅटरीवर किंवा इन्व्हर्टरवर चालेल काय?
४) काढलेले खारे पाणी जमिनीवर न टाकता दूर करण्याची सोय आहे काय?

एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' आल्यास तीच टाकी गोड्या पाण्यासाठी वापरावी. गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे जड व किंचित विम्ल पाण्यात चांगले राहतात, त्यामुळे आपल्याकडील अनेक बोअरचे पाणी त्यांना मानवते. यात कमीपणा मानू नये.

टाकीची तपासणी व दुरुस्ती

लहान टाकीचे नेहमीचे माप ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच असे असते. तिची पूर्ण क्षमता ५४ लिटर. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात सुमारे ४० लिटर पाणी बसते. पुढील सर्व हिशेब या ४० लिटरवर केले आहेत.

१) टाकी सावलीत, सपाट जागेवर, थर्माकोलच्या जाड पत्र्यावर ठेवावी. खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरावे. साधे पाणी काठोकाठ भरून तीन दिवस ठेवावे. कागद ओला झाला तर गळतीची जागा लगेच समजते.

२) सांध्यातून गळती असल्यास आतील बाजूचे जुने सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडून काढावे. जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही, म्हणून वरून ठिगळ लावू नये. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन घेऊ नये. ते माशांना विषारी असते. नवे सिलिकॉन आठवडाभर वाळू द्यावे व पुन्हा गळती तपासावी. काचेला तडा असेल तर काच बदलावी.

३) काचेवरील पांढरे थर पांढऱ्या व्हिनेगरने भिजवून, प्लॅस्टिकच्या घासणीने काढावेत. साबण किंवा धुण्याची पावडर वापरू नये. नंतर तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे.

४) जुनी वाळू, दगड व फिल्टरमधील स्पंज टाकून द्यावेत. माशांच्या रोगावर पूर्वी तांब्याचे औषध वापरले असेल, तर तांबे चुनखडीयुक्त वाळूत धरून राहते व पुढे हळूहळू सुटते. मोरचुदाची विषारी मात्रा किती लहान असते, हे बोर्डो मिश्रण करणाऱ्यांना सांगायला नको. शंख, खेकडे, कोळंबी यांना तर त्याहून कमी तांबेही घातक ठरते.

५) जुन्या टाकीत प्रवाळाचे तुकडे असल्यास ते विकू नयेत, कुणाला देऊ नयेत व नवे विकत घेऊ नयेत. प्रवाळ व समुद्री घोडा यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण असून २००१ मध्ये त्यांचा पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. मृत प्रवाळालाही हा कायदा लागू होतो. अशा तुकड्यांबाबत वन विभागाच्या कार्यालयाचे मार्गदर्शन घ्यावे.

६) भरलेल्या टाकीचे वजन पाणी, काच, वाळू मिळून ७० किलोच्या आसपास जाते. फाइलींच्या कपाटावर किंवा हलक्या टेबलावर ती ठेवू नये. लोखंडी स्टँड खाऱ्या पाण्याने लवकर गंजतो. त्याला चांगला रंग द्यावा किंवा मजबूत लाकडी स्टँड वापरावा.

७) खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. पाण्यातील उपकरणांसाठी विद्युत गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे थेंब झोळाशी गळून पडतात. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी.

जागेची निवड

थेट ऊन पडणारी खिडकी आणि पत्र्याच्या छताखालची तापणारी खोली टाळावी. कृषी सेवा केंद्रात कीटकनाशकांच्या मांडणीपासून टाकी दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवावी. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यंत अल्प प्रमाणातही मारक असतात. हवेचा पंप खोलीतील हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणून त्या खोलीत डास मारण्याची कॉइल, द्रव औषध किंवा फवारा वापरू नये. औषधाच्या फवारणीसाठी एकदाही वापरलेली बादली मत्स्यटाकीच्या कामास घेऊ नये.

समुद्राचे पाणी तयार करणे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते केवळ खाण्याचे मीठ नसते. एका लिटरमध्ये सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, ०.४ ग्रॅम कॅल्शियम, तेवढेच पोटॅशियम व २.७ ग्रॅम सल्फेटही असते. पिकाला नुसता युरिया देऊन भागत नाही, तसेच नुसत्या मिठावर समुद्री मासे जगत नाहीत. यासाठी मत्स्यालयासाठीचे तयार समुद्री क्षारमिश्रण विकत घ्यावे. ४० लिटरसाठी साधारण १.४ किलो लागते. नेमके प्रमाण पाकिटावरील सूचनेप्रमाणे ठेवावे.

पाणी आरओचे घ्यावे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अनेकदा नायट्रेट अगोदरच जास्त असते. ते वापरल्यास मिश्रणाचे प्रमाण बिघडते. पावसाचे पाणी स्लॅबवरून, पहिले एक-दोन पाऊस सोडून धरावे. जस्ताच्या पत्र्यावरून आलेले पाणी वापरू नये. नळाचे पाणीच घ्यावे लागले तर क्लोरीन निघून जाण्यासाठी ते २४ तास हवा सोडून ठेवावे.

स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिंपात आधी पाणी घ्यावे, मग थोडे-थोडे मिश्रण टाकत ढवळावे. हवेचा पंप लावून एक दिवस ठेवावे. मासे असलेल्या टाकीत मिश्रण कधीही थेट टाकू नये.

क्षारता मोजण्यासाठी हायड्रोमीटर वापरावे. दूध संकलन केंद्रातील लॅक्टोमीटरचे आणि याचे तत्त्व एकच आहे. द्रव जितका दाट, तितकी नळी वर तरंगते. वाचन १.०२४ ते १.०२६ दरम्यान असावे. मत्स्यालयासाठीचे हायड्रोमीटर वेगळे घ्यावे, कारण उपकरण कोणत्या तापमानासाठी बनवले आहे त्यावर वाचन अवलंबून असते.

तळाला दोन ते तीन सें.मी. शिंपल्यांचा चुरा पसरावा. कोंबड्यांच्या खाद्यात वापरला जाणारा, काही न मिसळलेला चुरा उकळून व धुऊन घेतल्यास चालतो. माशांना लपण्यासाठी न रंगवलेल्या, भाजलेल्या मातीच्या कुंडीचे तुकडे ठेवावेत.

मासे सोडण्यापूर्वी सहा आठवडे

सर्वाधिक घाई होते ती या टप्प्यावर. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात व दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. जमिनीत टाकलेल्या युरियाचे पिकाला उपलब्ध होणारे नायट्रेट याच मार्गाने बनते. फरक इतकाच की जमिनीत हे जिवाणू अगोदरपासून असतात. धुतलेल्या टाकीत ते नसतात. ते वाढवावे लागतात.

चुनखडीयुक्त, जास्त सामू असलेल्या जमिनीवर युरिया उघडा टाकला तर त्यातील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते. समुद्री टाकीचा सामू ८.१ ते ८.३ असतो. सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश साधारण दहापट होतो. म्हणून गोड्या पाण्यात माशांनी सहन केलेली चूक खाऱ्या पाण्यात जीवघेणी ठरते.

पुढील क्रमाने काम करावे.

पहिला दिवस : फिल्टर व हवेचा पंप सुरू करावा. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे. रोगमुक्त, चालू समुद्री टाकीतील स्पंजचा तुकडा मिळाल्यास फिल्टरमध्ये ठेवावा. जिवाणूंचे विरजण म्हणून तो उपयोगी पडतो.

पहिला ते दुसरा आठवडा : दर दोन दिवसांनी माशांच्या खाद्याची एक लहान चिमूट टाकावी. ती कुजून अमोनिया तयार होतो. बाजारातील नवसागर यासाठी वापरू नये. त्यात अशुद्धी असू शकते.

तिसरा ते चौथा आठवडा : चाचणी संचाने मोजल्यास अमोनिया उतरताना व नायट्राइट चढताना दिसते.

पाचवा ते सहावा आठवडा : अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागते. खाद्याची चिमूट टाकूनही सलग एक आठवडा दोन्ही शून्य राहिले, तरच टाकी तयार झाली असे समजावे.

या काळात कार्यालयात येणारे लोक 'मासे कधी आणणार?' असे विचारतील. टाकीवर 'पाणी तयार होत आहे' अशी पाटी लावावी. जिवाणू तयार होण्याआधी सोडलेले मासे कल्ल्यांची आग होऊन मरतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून तिच्यासाठी मासे आणू नयेत.

माशांची निवड

४० लिटरच्या टाकीत विदूषक माशांची एक लहान जोडी पुरेशी आहे. तिसरा मासा घेऊ नये. हा मासा चांगल्या निगेत दहा वर्षांहून अधिक जगतो. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. त्यामुळे उबवणी केंद्रात वाढलेले मासेच मागावेत. ते टाकीला व कोरड्या खाद्याला सरावलेले असतात, आणि समुद्रातून मासे पकडण्याची गरज राहत नाही. समुद्रफूल ठेवण्याचा मोह टाळावा. त्याला तीव्र प्रकाश व जुनी, स्थिर टाकी लागते. त्याच्याविनाही विदूषक मासा चांगला राहतो.

मुंबई किंवा पुण्याहून मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या पेटीतून, रात्रीच्या प्रवासाने आणावेत. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान समान करावे. नंतर मासे पिशवीतील पाण्यासह लहान भांड्यात घेऊन, बारीक नळीने टाकीचे पाणी थेंब-थेंब तासभर सोडावे. मासा जाळीने उचलून टाकीत सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

उन्हाळा, भारनियमन आणि सुट्ट्या

बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो. ३० अंशाला गोड्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.२ मिलिग्रॅमच. म्हणून उन्हाळ्यात वीज गेल्यावर खाऱ्या टाकीतील मासे आधी संकटात येतात. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फ थेट टाकू नये; गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवावी. हिवाळ्यातील थंड रात्रींसाठी ५० वॉटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर पुरतो.

पंख्यामुळे बाष्पीभवन वाढते. ६० बाय ३० सें.मी. पृष्ठभागावरून दिवसाला केवळ ५ मि.मी. पाणी उडाले तरी ते ०.९ लिटर होते. कार्यालय तीन दिवस बंद राहिल्यास जवळपास पावणेतीन लिटर पाणी जाते आणि क्षारता लिटरला ३५ ग्रॅमवरून ३७.५ ग्रॅमवर पोहोचते. म्हणून काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीची रेघ मारावी. पातळी उतरली की आरओचे साधे पाणी घालून ती रेघेपर्यंत आणावी. खारे पाणी घालू नये. पाणी उडाले, क्षार टाकीतच आहेत. खारे पाणी घातल्यास क्षार वाढत जातात.

खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. खाद्याची डबी कुलपात ठेवावी. येणाऱ्या-जाणाऱ्याने चिमूट टाकण्याची सवय लागली की पाणी नासते. रविवारी उपाशी राहिल्याने मोठ्या माशांचे काही बिघडत नाही.

आठवड्याचे वेळापत्रक

रोज : मासे मोजावेत, तापमान पाहावे, पातळी रेघेपर्यंत आणावी.
आठवड्यातून एकदा : हायड्रोमीटरचे वाचन व नायट्रेटची चाचणी घ्यावी, ४ लिटर पाणी काढून त्याच क्षारतेचे व तापमानाचे नवे पाणी घालावे.
महिन्यातून एकदा : फिल्टरचा स्पंज काढलेल्या खाऱ्या पाण्यातच पिळून घ्यावा. नळाखाली धुतल्यास जिवाणू मरतात.
सर्व नोंदी एका वहीत ठेवाव्यात. नायट्रेट लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास खाद्य कमी करावे व पाणी थोडे अधिक बदलावे.

काढलेले खारे पाणी कुठे टाकावे?

आठवड्याला ४ लिटर म्हणजे वर्षाला २०८ लिटर पाणी, आणि त्यात सुमारे ७.३ किलो क्षार. ओलितासाठी पाण्याची विद्युत वाहकता २.२५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ते अति क्षारयुक्त समजतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते. असे पाणी कार्यालयाच्या आवारातील एकाच झाडाच्या आळ्यात वर्षभर पडले तर झाड वाळेल. त्यातील सोडियममुळे काळ्या मातीची कणरचना मोडते, पाणी मुरत नाही आणि जागा चोपण होऊ लागते. कमी पावसाच्या आपल्या भागात हे क्षार धुऊन जाण्यास फार काळ लागतो.

म्हणून हे पाणी झाडांना, परसबागेत, नाल्यात, विहिरीजवळ किंवा बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात टाकू नये. सांडपाण्याची बंद गटार असल्यास तेथे भरपूर पाण्याबरोबर सोडावे. तशी सोय नसल्यास उथळ प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये उन्हात आटवावे आणि उरलेले क्षार गोळा करून घनकचऱ्यात द्यावेत. ते जनावरांना चाटण्यासाठी ठेवू नयेत.

गोड्या पाण्याच्या टाकीतून काढलेले पाणी मात्र कुंड्यांना बिनधास्त द्यावे. त्यातील नायट्रेट झाडांना उपयोगी पडते. दोन्ही टाक्यांतील हा फरक पहिल्याच दिवशी सर्व कर्मचाऱ्यांना, विशेषतः साफसफाई करणाऱ्यांना समजावून सांगावा.

कार्यालयाच्या बोअरचे पाणी तपासून घेण्याबाबत खामगाव (ता. गेवराई) किंवा दिघोळअंबा (ता. अंबाजोगाई) येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करावी. माशांच्या रोगांबाबत शेजारच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालयाचा सल्ला घेता येईल. सहा आठवडे थांबण्याची आणि वापरलेले प्रत्येक किलो मीठ जमिनीपासून दूर ठेवण्याची तयारी असेल, तर अडगळीतील टाकी पुन्हा दर्शनी भागात आणण्यास हरकत नाही.